ऑक्टोबर १९५६ मध्ये जगात काय काय घडलं?

वडिलांचा जन्म ऑक्टोबर १९५६ चा, तेव्हा जगात काय चाललं होतं, असं तुम्ही विचारलंय. महिना साधासुधा नव्हताच!

आपल्याकडची मोठी घटना १४ तारखेची. अशोक विजयादशमीला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो अनुयायांना दिली, २२ प्रतिज्ञांसह.

१७ तारखेला इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथनं काल्डर हॉल अणुवीज केंद्राचं उद्घाटन केलं.

पण जग हादरलं ते शेवटच्या आठवड्यात. २३ तारखेला हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि रात्रीपर्यंत त्याचा रशियाधार्जिण्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला. लोकांनी स्टालिनचा अवाढव्य पुतळा खाली ओढला. चौथऱ्यावर उरले नुसते बूट! झेंड्याच्या मधलं कम्युनिस्ट चिन्ह कापून काढलं, म्हणून भोक पडलेला झेंडा हीच उठावाची खूण झाली. पुढं नोव्हेंबरात रशियन रणगाड्यांनी हा उठाव चिरडला.

तिकडे इजिप्तच्या नासेरनी जुलैतच सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं होतं. २९ ऑक्टोबरला इस्रायल इजिप्तच्या सिनाईत घुसलं. दुसऱ्या दिवशी ब्रिटन-फ्रान्सनं 'दोघंही कालव्यापासून १० मैल मागं व्हा' असं फर्मावलं. गंमत म्हणजे इस्रायली फौजा कालव्यापासून अजून लांबच होत्या. हा सगळा बनाव ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलमध्ये पॅरिसजवळच्या सेव्हरला आधीच गुपचूप ठरला होता. ३१ ला इजिप्तवर ब्रिटन-फ्रान्सचे बॉम्ब पडू लागले.