समोरच्या घराचे आडनाव

“समोरच्यांचं आडनाव लिहायला मला खाली जाऊन टपालपेटी बघावी लागली, मॅडम. सहा वर्षं झाली आम्हाला तिथे राहायला येऊन.” समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्यावर पहिल्या भेटीत, खुर्चीत नीट बसण्याआधीच, त्या ताईंनी हे सांगितले आणि नंतर बराच वेळ त्या हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिल्या. त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी येथे बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच हा अनुभव लिहिला आहे.

ताईंचे वय ४४. फोर्टमधील एका बँकेत नोकरी. पती, बारावीतील मुलगी आणि सासरे असे चौघांचे कुटुंब. सासूबाईंच्या निधनानंतर गिरगावातील चाळीतली खोली सोडून हे कुटुंब कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मोठ्या संकुलात, तेवीस मजली इमारतीत राहायला आले होते. सासरे, म्हणजे घरातले अण्णा, लवकरच सहस्रचंद्रदर्शनाच्या वयाचे होणार होते. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक अंतर असते, त्यामुळे हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. हा हिशेब अण्णांनी स्वतः वहीत मांडून ठेवला होता. घरात कार्य करायचे ठरले, पतीने आमंत्रितांची यादी केली आणि १४० नावांच्या त्या यादीत स्वतःच्या इमारतीतील एकच घर निघाले, तेही आडनाव ठाऊक नसलेले. यादी त्या रात्री तशीच टेबलावर राहिली. पती म्हणाले, “इथे कोण येणार आपल्याकडे? दादरला हॉल घेऊ, नाहीतर राहू दे.” त्यानंतर दहा-बारा दिवस ताईंना नीट झोप लागत नव्हती.

आपण नव्या वस्तीत येऊन इतकी वर्षे झाली, पण इथे आपले कुणी नाही, मग घरातल्या कार्याला येणार कोण, ही चिंता ठाणे, डोंबिवली, बदलापूर, विरार अशा सगळ्या बाजूंकडून माझ्याकडे येते. बारसे, मुंज, साठीशांत, मुलीचे लग्न असे काही जवळ आले की ती वर येते, एरवी लोकल आणि ऑफिसच्या धबडग्यात दबलेली असते. प्रथम मी झोप, भूक, कामातले लक्ष आणि जगणे नकोसे वाटते का, हे सरळ विचारून घेते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल आणि तिच्यापुढे रोजचे व्यवहारच अडत असतील, तर गप्पा पुरेशा नसतात, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे लागते. अशा वेळी रात्री-अपरात्री बोलायचे असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मी लिहून देते. ताईंच्या बाबतीत तशी वेळ आली नव्हती. त्यांच्या झोपेला एका विशिष्ट विचाराने धरून ठेवले होते, आणि तो विचार दुसऱ्या भेटीत बाहेर आला.

“कार्याला कुणी आलं नाही तर लोक हसतील, ते मी सोसेन. पण उद्या अण्णांना रात्री काही झालं, तर खांदा द्यायला चार माणसं कुठून आणायची? गिरगावातून यायला दोन तास लागतात.”

अशा वाक्यानंतर समुपदेशकाने गप्प बसावे, आणि मी बसले. यादीतील कोऱ्या जागेची खरी भीती ही होती. सहस्रचंद्रदर्शन हा आनंदाचा प्रसंग खरा, पण तो ज्या वयात येतो त्या वयाची सावली घरातल्या मधल्या पिढीवर पडतेच, आणि ‘कोण येणार’ या प्रश्नात ही माणसे त्या कार्याच्याही पुढच्या दिवसाबद्दल विचारत असतात. हे मी त्यांना नंतर बोलून दाखवले. त्या रडल्या, आणि त्या रात्री, असे त्यांनीच पुढे सांगितले, सलग पाच तास झोपल्या.

बोलता बोलता त्या वारंवार गिरगावात जात. ज्या गिरगावात १८९३ पासून केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसतो, तिथली माणसेच वेगळी, असे त्यांचे म्हणणे होते. हे मला पटत नाही. चाळीतला एकोपा हा बऱ्याच अंशी सामाईक गॅलरी, सामाईक नळ आणि सामाईक संडास यांच्यापुढे चालू न शकलेला खासगीपणा होता, आणि नळावरची भांडणे आठवायला सांगितली की त्या स्वतःच हसू लागत. १९५० मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तीन संशोधकांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की कोणाची मैत्री कोणाशी होते हे स्वभावांपेक्षा दारांमधल्या अंतरावर फार ठरते, आणि जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी इतरांपेक्षा अधिक होतात, कारण सगळ्यांची ये-जा तिथूनच होते. त्या इमारती दोन मजली होत्या. ताईंच्या इमारतीत लिफ्ट तळघरातल्या पार्किंगपासून थेट सतराव्या मजल्यावर उघडते, पार्सल दारात येते आणि टपालपेट्यांवर धूळ असते. माणसांना दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. मधोमध आपले घर, भोवती ज्यांच्याशी येणे-जाणे आहे अशी माणसे आणि ठिकाणे, नाते घट्ट असेल तर जाड रेघ, ताणाचे असेल तर नागमोडी. याला आमच्या व्यवसायात इकोमॅप म्हणतात. अपेक्षेप्रमाणे इमारतीकडे एकही रेघ गेली नाही. कागदाच्या कोपऱ्यात मात्र त्यांनी एक छोटे वर्तुळ काढले, त्यात ‘सकाळची लोकल’ असे लिहिले आणि तिथपर्यंत पेन दोनदा फिरवून रेघ जाड केली. हे आपण काय केले, याकडे त्यांचे लक्षच नव्हते.

मग लोकलबद्दल बोलणे झाले. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीच्या महिला डब्यात त्यांचा अकरा जणींचा ग्रुप आहे. संक्रांतीला डब्यातच हळदीकुंकू होते, दसऱ्याला डब्याची पूजा होते, गेल्या वर्षी एकीचे डोहाळजेवण मुंब्रा ते भायखळा या प्रवासात पार पडले. मी विचारले, “या बायकांमध्ये तुम्ही कशा शिरलात?” त्या आठवू लागल्या. नव्या घरी आल्यावर पहिले दोन महिने त्या उभ्या राहून, कुणाशी न बोलता प्रवास करीत. एके दिवशी चौथ्या सीटवर टेकायला जागा मिळाली, आणि शेजारच्या बाईंनी काही न विचारता गवारीची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. “म्हणाल्या, अर्धी तू मोड, मला ठाण्यापर्यंत संपवायचीय. मी मोडत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जागा धरली होती.”

मला जे सांगायचे होते ते त्यांनीच सांगून टाकले होते. त्यांना कुणी आमंत्रण दिले नव्हते, स्वागत केले नव्हते, काम दिले होते. या गोष्टीला प्रयोगाचाही थोडा आधार आहे. १९६९ मध्ये जेकर आणि लँडी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्या काहींकडे संशोधकाने, आपले स्वतःचे पैसे संपत आले आहेत असे सांगून, त्यांनी जिंकलेली रक्कम परत मागितली. ज्यांनी ती देऊन त्याच्यावर उपकार केले, त्यांना तो इतरांपेक्षा अधिक आवडला. आपण समजतो की माणसाला काही दिले की तो जवळ येतो. अनेकदा त्याच्याकडे काही मागितल्याने तो जवळ येतो. ताईंच्या घरी मात्र कार्य म्हणजे केटरर, डेकोरेटर आणि बुफे असा बेत ठरत होता, ज्यात शेजाऱ्याला हात लावायला काहीच उरत नव्हते. काम नसलेला माणूस पाहुणा होतो, आणि पाहुणा पाकीट देऊन, जेवून जातो. चाळीतल्या कार्यात सतरंज्या टाकणारे, पंगतीत मीठ-लिंबू वाढणारे, चपलांवर लक्ष ठेवणारे असे सगळेच कामाला जुंपलेले असत, म्हणून ते कार्य त्यांचेही होई.

चौथ्या भेटीला मी अण्णांना आणायला सांगितले. खरे तर हे पहिल्याच भेटीत सुचायला हवे होते. ज्यांचे कार्य, त्यांनाच कुणी काही विचारले नव्हते, आणि त्यात मीही आले. अण्णा आले, काठी खुर्चीला टेकवली आणि सुनेला म्हणाले, “समोरच्यांचं आडनाव मला विचारायचं होतंस. त्यांच्या वडिलांना मी रोज पेपर वाचून दाखवतो. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून.” संध्याकाळी खालच्या बागेतल्या बाकावर सात-आठ म्हातारे जमतात, त्यातल्या प्रत्येकाचा मजला, गाव, मुलांच्या नोकऱ्या आणि गुडघ्यांची स्थिती अण्णांना तोंडपाठ होती. या गोष्टी त्यांनी घरी कधी सांगितल्या नव्हत्या, कारण रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसांना बाकावरच्या गप्पा काय सांगायच्या, असे त्यांना वाटे. ताईंच्या कागदावर इमारतीकडे जी रेघ नव्हती, ती अण्णांच्या नावाने तिथे आधीच होती.

हॉल नको, असेही अण्णांनीच सांगितले. सहस्रचंद्रदर्शनाला अनेक घरांत ८१ दिव्यांनी ओवाळतात. इतकी निरांजने कुठून आणायची, हा प्रश्न ताईंनी भाड्याने मिळतील का या दृष्टीने काढला होता. मी विचारले, “मागून आणली तर?” त्यांच्या चेहऱ्यावर संकोच स्पष्ट दिसला. पैसे देऊन वस्तू आणण्यात जो मोकळेपणा आहे, तो मागण्यात नाही. नकाराची धास्ती असते, आणि आपण कुणाचे तरी देणे लागतो ही भावना मध्यमवर्गीय माणसाला फार टोचते. म्हणून आम्ही त्या भेटीत प्रत्यक्ष वाक्येच तयार केली आणि त्या ती दोनदा मोठ्याने म्हणाल्या: “आमच्या सासऱ्यांचं कार्य आहे. तुमच्या देवघरातलं एक निरांजन त्या संध्याकाळी घेऊन याल का?” आधी समोरच्या घरी जायचे, मग बाकावरच्या मंडळींच्या घरी, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकायचा तो अगदी शेवटी, असे ठरले. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांना असतो, म्हणून तो कुणालाच नसतो.

सगळे सुरळीत झाले असे नाही. दोन घरांनी दार अर्धे उघडून “बघू” म्हटले. ताईंच्या पतीला हे सगळे भीक मागण्यासारखे वाटत होते आणि तो आठवडाभर घुम्यासारखा वागला. गच्चीवर दिवे लावायला सेक्रेटरींनी नकार दिला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. तळमजल्यावरचा सोसायटीचा हॉल त्यांनी भाडे भरून घ्यायला सांगितला, धुराच्या अलार्मखाली दिवे मांडू नयेत अशी अट घातली आणि स्वतः येऊन कुठे मांडायचे ते खडूने आखून दिले. तो खडू हातात आला आणि सेक्रेटरीसुद्धा यजमानांत जमा झाले, असे ताईंनी नंतर हसत सांगितले.

निरांजने आली ३४. उरलेले ४७ दिवे कणकेचे करायचे ठरले, आणि ते करायला आदल्या संध्याकाळी तीन शेजारणी ताईंच्या स्वयंपाकघरात जमल्या. त्यात एक बिहारच्या होत्या. त्यांची कणीक इतकी घट्ट मळलेली असे की त्यांचे दिवे रात्रभरात तडकले नाहीत, बाकीचे पाच-सहा तडकले. वाती अण्णांच्या बाकावरच्या मित्रांनी वळल्या. पेपर ऐकणारे ते गृहस्थ, ज्यांना नीट दिसत नाही, बोटांच्या अंदाजाने सगळ्यांत सारख्या वाती वळत होते. लोकलचा ग्रुप सुट्टी टाकून आला आणि वाढायला उभा राहिला. पतीने शेवटच्या क्षणी चपलांची जागा सांभाळली, कारण त्याला कुणाशी फारसे बोलायचे नव्हते, पण तिथे उभे राहिल्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला त्यालाच प्रथम ‘या’ म्हणावे लागले.

शेवटच्या भेटीत मी झोपेबद्दल विचारले. झोप ठीक होती. अण्णांच्या आजारपणाची भीती गेली का, असेही विचारले. “गेली नाही,” त्या म्हणाल्या, “पण समोरच्यांनी त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे ठेवलीय आणि आमची त्यांच्याकडे.” भीती शून्यावर यावी असा आमचा करार नव्हताच, म्हणून आम्ही तिथे थांबायचे ठरवले.

फक्त एक घोळ राहिला होता, आणि तो माझ्याही लक्षात आला नव्हता. पूर्वी भांड्यांवर नावे कोरलेली असत, तशी आता नसतात, आणि ३४ पैकी बहुतेक निरांजने सारखीच दिसणारी होती. ताट हातात घेऊन ताई चार संध्याकाळी मजल्यामजल्यावर फिरल्या, दारादारांत ‘हे तुमचं का’ अशी विचारणा झाली, नवव्या आणि चौदाव्या मजल्यांवरच्या दोघींत एका निरांजनावरून थोडी कुरबुरही झाली आणि चहावर मिटली. एक पितळी निरांजन, ज्याच्या काठाला जरासा पोचा आहे, त्यावर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही. ते त्यांच्या दारातल्या कपाटावर ठेवलेले आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या अजूनही विचारतात.