उचल घेतलीय आणि पाचवा महिना आहे

दसरा मागे पडला, उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या की आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, दिवस गेलेत आणि तोडीला जायचंय. चालंल का? आणि तिकडंच कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात घेतील का? कार्ड तर इथलं हाय."

बीड जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. दिवाळीच्या आसपास मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे गरोदरपणाचा अर्ध्याहून जास्त काळ उसाच्या फडात. अशा एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

ती विशीची, दुसरी खेप, पाचवा महिना. सोबत सासू. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसलेला. हिमोग्लोबिन 7.8. गरोदर बाईचं 11 च्या खाली गेलं की रक्त कमी असं आम्ही धरतो. 7 च्या खाली गेलं की जिवाशी गाठ. पहिलं मूल कमी वजनाचं जन्मलं होतं, त्या खेपेला सातव्या महिन्यापर्यंत ती मोळ्या वाहत होती.

मी आहाराबद्दल बोलायला लागले तर ती म्हणाली, "समदं माहितीय मॅडम. आशाताई सांगतात. पालेभाजी खा, गोळ्या घ्या, आराम करा. उचल कोण फेडणार?"

अशा वेळी 'जनजागृती' या शब्दाचा मला राग येतो. जागृत ती होतीच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात आणि त्याच सर्वेक्षणात 45.7 टक्के गरोदर बायांना रक्त कमी. बाळंतपणाच्या दिवशी बाई दवाखान्यात पोचते, तोवरचे नऊ महिने मात्र तिच्या हातात नसतात. ते सासूच्या, नवऱ्याच्या आणि आमच्याकडे मुकादमाच्या हातात असतात.

म्हणून मी नवऱ्याला आत बोलावलं आणि तिला फडातला एक दिवस सांगायला लावला. पहाटे तीनला उठणं, पाणी भरणं, भाकरी. उजाडायच्या आत फडात. तो तोडणार, ही पाचट काढून मोळी बांधणार. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, आलं की पुन्हा चूल. आणि ट्रक रात्री-अपरात्री कधीही आला की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. पावसाची भुरभुर झालेली असली की फळी निसरडी होते, हे ती सहज सांगून गेली. नवरा मान खाली घालून ऐकत होता.

"यातलं काय सोडता येईल?" मी विचारलं. भरणी, म्हणजे ट्रकमध्ये मोळ्या चढवणं, असं उत्तर सासूनेच दिलं. पण बाई भरणीला आली नाही तर टोळीतले बाकीचे कुरकुर करणार, वर मुकादम खाडा लावणार, म्हणजे पैसे कापणार.

मग आम्ही मुकादमालाच फोन लावला. बाळाच्या आरोग्याचं त्याच्यापुढे काही बोलले नाही, सरळ हिशोबच मांडला. हिला फडात रक्तस्राव झाला तर नवरा दवाखान्यात अडकणार, कोयता, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचं काम, बंद पडणार आणि दिलेली उचल अंगावर राहणार. भरणीला दीर येतो, त्याचा वाटा हिच्या हिशोबातून वळता करा, ही फक्त मोळ्या बांधील. तो जरा थांबला आणि म्हणाला, "सातव्यापर्यंत बांधू द्या, पुढं कोपीवर बसू द्या." पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही. न जाणं हेच उत्तम, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. पण घेतलेली उचल फेडायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

लोहाच्या गोळ्या तिच्या पिशवीत जशाच्या तशा होत्या. मळमळ होते, शौचाला काळी होते, म्हणून बंद केलेल्या. काळी होणं हे काळजीचं नाही. खरी अडचण चहाची होती: पहाटेच्या चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी नीट अंगी लागत नाही. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, असं ठरलं. निघायच्या आत शिरेतून लोह देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घेतला.

आता कार्डाचं. माता-बाल संरक्षण कार्ड कुठल्याही गावचं असो, सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त, सिझर, आईचं जेवण, दवाखान्यात नेणं आणि परत सोडणं, सगळं येतं. आजारी बाळाचे उपचारही. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते, ती तिकडेही करता येते. कार्ड मात्र अंगाखांद्याच्या दागिन्यासारखं जवळ ठेवायचं, गावाकडच्या पेटीत नाही.

खरी अडचण पत्त्याची. 108 ला फोन केला तर सांगणार काय? कोपीला घर क्रमांक नसतो. म्हणून नवऱ्याला दोन कामं दिली: पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात त्या गावच्या आशाताईंना भेटून नंबर घ्यायचा आणि शेतमालकाचं नाव, जवळची शाळा किंवा डेअरी कार्डाच्या मागे लिहून ठेवायची. अंगावरून रक्त जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ट्रक भरून होईपर्यंत थांबायचं नाही, हे सासूकडून वदवून घेतलं. तीही सोबत जाणार होती.

फेब्रुवारीत तिकडेच कळा आल्या. गाडी डेअरीच्या खुणेवर आली. दवाखान्यात आधी "तुमच्या जिल्ह्यात जा" हे ऐकावं लागलंच. नवरा कार्ड पुढे करून "नियम लिहून द्या मग" म्हणाला, तेव्हा घेतलं. मुलगी, 2.4 किलो. अडीचच्या आतली, म्हणून छातीशी धरून उबेत ठेवायला शिकवलं, फक्त अंगावरचं दूध. दीड महिन्याची लस तिथल्याच उपकेंद्रात झाली.

एप्रिलात परतल्यावर तिचं हिमोग्लोबिन 9.4 होतं. कमीच. बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळ्या घ्यायच्या असतात, त्या सुरू आहेत. यंदा नवऱ्याने मुकादमाला अर्धा कोयता सांगितलाय, म्हणजे एकट्याचा. मुकादम निम्म्याहून कमी उचल देतोय. सासू म्हणते घेऊ नको, थांब. परवा तिघं पुन्हा येणार आहेत, तेव्हा यावरच बोलायचंय.