स्वातंत्र्य दाखवणाऱ्या धातुशिल्पात पक्षी हवाच का?

स्वातंत्र्य आणि संकटातही तग धरण्याची वृत्ती निसर्गाच्या रूपातून सांगणारे धातुशिल्प उघड्यावर उभारायचे असेल, तर पक्षी निवडावा की झाड, आणि धातू कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. पक्षी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते हातचे एक काम बिघडल्यावर झालेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने याच विषयावरचे शिल्प माझ्याकडे मागितले होते. पुरात मोठी झाडे वाहून जातात आणि लव्हाळी तगतात, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून मी लव्हाळ्यांचे बेट निवडले. स्टेनलेस स्टीलच्या अकरा सळया, सर्वांत उंच साडेतीन मीटरची, सगळ्या एकाच अंगाला किंचित कललेल्या आणि फक्त बुडाशी धरलेल्या. वारा आला की त्यांनी वाकावे आणि वारा पडला की पुन्हा उभे राहावे, एवढीच कल्पना होती. सळयांची जाडी ठरवण्यातच माझे दोन महिने गेले, कारण टोकावर जोर तेवढाच असताना व्यास निम्मा केला तर वाक सोळापट होतो आणि लांबी दुप्पट केली तर आठपट, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच्या फरकानेही एक सळई काठीसारखी ताठ राहते आणि शेजारची लोंबू लागते.

निवड समितीच्या प्रमुखांनी दोन आक्षेप घेतले. पक्षी नसेल तर लोकांना स्वातंत्र्य कळणार नाही, हा पहिला. आणि हलणारे शिल्प दुबळे वाटते, हा दुसरा. म्हणून मध्यावर एक आडवी पट्टी सर्व सळयांना वेल्ड करावी आणि तिच्यावर पंख पसरलेला पक्षी बसवावा, असा आग्रह त्यांनी धरला. दोन बैठका मी विरोध केला आणि तिसऱ्या बैठकीत होकार दिला. त्या होकाराची खंत मला अजून आहे.

दीड वर्षाने पाहणीला गेलो, तेव्हा एका सळईवर, वेल्डच्या अगदी कडेला, केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. फडक्याने ती पुसली गेली नाही, आणि नख फिरवले तर नख अडकले. आखूड आणि लांब सळया वेगवेगळ्या गतीने डोलतात. पट्टीने त्यांना एकत्र बांधले की त्यांची सगळी ओढाताण जोडावर येते, त्यात पंखांनी अडवलेल्या वाऱ्याची भर पडते, आणि आकार जिथे एकदम बदलतो त्या वेल्डच्या कडेला, लाखो लहान हेलकाव्यांनंतर, भेग जाते. सळया बारीक होत्या म्हणून असे झाले, असा निष्कर्ष समितीने काढला. तो मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही, कारण त्याच मापाच्या तीन सळया मी कार्यशाळेच्या अंगणात चाचणीसाठी, पट्टीशिवाय, बुडाशी वेल्ड न करता खोल बाहीत, म्हणजे धातूच्या नळीत, घट्ट बसवून उभ्या केल्या होत्या आणि त्या आजही निर्धोक डोलत आहेत.

पंखांशिवाय उड्डाण कळत नाही, हे म्हणणेही चूक आहे. शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांच्या ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाला ना पंख आहेत ना पिसे. अमेरिकी सीमाशुल्क खात्याने 1926 मध्ये ते भांड्यांच्या वर्गात घालून कर लावला होता, पण 1928 मध्ये न्यायालयाने ती कलाकृतीच असल्याचा निकाल दिला. शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी तर बारीक धातूच्या सळयांचे ताटवेच्या ताटवे उभे केले, जे वाऱ्याने डोलतात आणि एकमेकांवर आपटून नाद करतात. तिथे हालचाल हाच आशय आहे.

धातूबद्दल थोडक्यात सांगतो. डोलणाऱ्या कामाला स्टेनलेस स्टील घ्यावे, समुद्राजवळ खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या 316 प्रतीचेच घ्यावे, आणि साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती त्याला लावू नये, नाही तर लोखंडाचे कण चिकटून गंजाचे डाग पडतात. कॉर्टेन या मुद्दाम गंजू दिल्या जाणाऱ्या पोलादावरचा गंजाचा थर आतल्या धातूचे रक्षण करतो हे खरे, पण त्यासाठी ते आलटून पालटून ओले आणि कोरडे व्हावे लागते. पाणी साचणारी खाच राहिली तर तिथे गंज पोलाद खात जातो.

मोठे पंख करताच येत नाहीत, असे मात्र माझे म्हणणे नाही. इंग्लंडमधील ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे अँटनी गॉर्मली यांचे कॉर्टेनचे शिल्प 1998 पासून 54 मीटर रुंदीचे पंख पसरून उभे आहे, परंतु त्याचे वजन सुमारे 200 टन आहे आणि पाया सुमारे 20 मीटर खोल नेलेला आहे. तसेच, मुले चढतील अशा जागी बारीक सळया लावू नयेत, सळयांची टोके गोल करावीत, आणि वाऱ्याच्या भाराचे गणित अभियंत्याकडून तपासून घ्यावे. तो आडवी पट्टी सुचवील, तेव्हा त्याला पट्टीशिवायच्या आराखड्याचे गणित मागावे. आणि समितीला नमुना दाखवायचा असेल तर बैठकीच्या खोलीत नव्हे, वारा सुटलेला असताना उघड्यावर, खऱ्या मापाची एक सळई रोवून दाखवावा.