'केरेर'चं 'किएरीआ' का होत नाही? स्पॅनिश अपूर्ण भूतकाळ चालवताना

तुमचे प्रश्न तीन आहेत : 'केरेर'चं (हवं असणं) वर्तमानात 'किएरो' (मला हवंय) असताना अपूर्ण भूतकाळात ('जायचो', 'जात होतो' असा काळ) 'केरीआ' कसं, 'यो' (मी) आणि 'एल'ची (तो) रूपं सारखी असताना काय करायचं, आणि हा काळ वापरायचा कुठे.

आधी प्रत्यय. '-आर' क्रियापदाचा शेवट काढून मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने -आबा, -आबास, -आबा, -आबामोस, -आबाइस, -आबान लावा : 'आब्लार'चं (बोलणं) आब्लाबा, आब्लाबास वगैरे. '-एर' आणि '-ईर' या दोन्ही गटांना एकच संच : -ईआ, -ईआस, -ईआ, -ईआमोस, -ईआइस, -ईआन. म्हणून 'कोमेर'चं (खाणं) कोमीआ आणि 'बिबीर'चं (राहणं) बिबीआ.

आता 'केरेर'. धातूतला 'ए' फुटून 'इए' होतो, तो आघात (उच्चारातला जोर) धातूवर पडला तरच. अपूर्ण भूतकाळात आघात सहाही रूपांत प्रत्ययावर असतो, त्यामुळे धातू फुटायचं कारणच उरत नाही. 'ओ'चा 'उए' किंवा 'ए'चा 'इ' होणाऱ्यांचंही तसंच, म्हणून दुएर्मो (मी झोपतो) पण दोर्मीआ, पिदो (मी मागतो) पण पेदीआ. वर्तमानात छळणारी 'तेनेर'सारखी (जवळ असणं) क्रियापदंही इथे सरळ चालतात : तेनीआ. अनियमित फक्त तीन. सेर (असणं) : एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान. ईर (जाणं) : ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान. बेर (पाहणं) : बेईआ, बेईआस... (जुन्या स्पॅनिशमधल्या 'बेएर'चा 'ए' इथे टिकून राहिलाय).

लिहिताना 'ईआ' प्रत्ययातल्या 'ई'वर तिरकी रेघ सहाही रूपांत हवी. ती नसली तर आघात मागे सरकून 'कोम्या' वाचलं जाईल. '-आर' गटात रेघ फक्त 'आब्लाबामोस'ला, तीही 'ला'मधल्या 'आ'वर, कारण तिथे आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो. बोलताना नेमकं इथेच चुकतं : वर्तमानातल्या 'आब्लामोस'च्या सवयीने आघात 'बा'वर ढकलला जातो. 'आबा' लिहिताना अक्षर 'बे'च (b), 'उबे' (v) नव्हे. उच्चार एकच असल्याने घोटाळा होतो, आणि गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांचा जास्तच, कारण पोर्तुगीजमध्ये 'फालाव्हा' (बोलायचो) खरोखरच 'व्ह'ने लिहितात.

'यो', 'एल', 'एया' (ती) आणि 'उस्तेद' (आदरार्थी तुम्ही) यांचं रूप एकच. संदर्भ स्पष्ट नसेल तर सर्वनाम बिनधास्त घाला. मराठीत जायचो-जायची असं लिंग दिसतं, इथे 'ईबा' सगळ्यांना चालतं. 'बोसोत्रोस'ची (अनेकांना तुम्ही) रूपं स्पेनमध्ये लागतात. लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस आब्लाबान' पुरतं.

वापराबाबत मराठी बरीच मदत करते. 'जायचो' आणि 'जात होतो' दोन्हींना बहुतेक वेळा हाच काळ. 'जेवत होतो तेव्हा फोन वाजला' : कोमीआ कुआंदो सोनो एल तेलेफोनो. चालू असलेलं अपूर्ण, मध्येच घडलेलं साध्या भूतकाळात. वय आणि वाजलेली वेळही अपूर्णमध्येच : तेनीआ दिएस आन्योस, एरान लास त्रेस.

पण मराठी एका ठिकाणी दगा देते. 'तीन वर्षं मी माद्रिदमध्ये राहत होतो' म्हणताना 'बिबीआ' तोंडात येतं. मुदत सांगून काळ बंद केलाय, म्हणून 'बिबी त्रेस आन्योस एन माद्रिद'. काही क्रियापदांचा तर अर्थच बदलतो : 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं, 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे पहिल्यांदा भेटलो.

आणि 'तिथे खूप पुस्तकं होती' याला 'आबीआ मुचोस लिब्रोस'. पुस्तकं अनेक असली तरी 'आबीआन' नको. बोलीत ऐकू येतं, पण परीक्षेत गुण जातात.