आषाढीची रजा आणि गणपतीची डेडलाइन

काळाचौकीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी कॉमर्सला. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड, आणि मंडळाच्या फळ्यावर अक्षर त्याचंच असतं. त्याला कमर्शियल आर्टिस्ट व्हायचंय. घर माळकरी, वारी आजोबांपासूनची. वडील विचारतात, ‘या लाइनीत रात्रीचा दिवस करतात, दारू-मटणाच्या जाहिराती कराव्या लागतात असं ऐकतो. संसार आणि नेम सांभाळून हे काम होतं का? माळ काढायला सांगतील का? आणि खाजगी डिझाइन कॉलेजच्या फीसाठी खोलीवर कर्ज काढू का?’

रामकृष्ण हरी, माऊली.

कर्जाचं आधी सांगतो. सरकारी प्रवेशपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत खोलीला हात लावू नका. उपयोजित कलेची पदवी म्हणजे बीएफए, चार वर्षांची. पहिलं वर्ष फाउंडेशनचं असतं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे कॉमर्स आड येत नाही. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या एएसी सीईटी या कलेच्या प्रवेशपरीक्षेतून होतात. सर जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ सालचा आहे. आता ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली आहे, म्हणून तिची प्रवेशसूचना वेगळी काढून वाचा. प्रभादेवीची रचना संसद, वरळीचं रहेजा याही जागा यादीत ठेवा. लाखांची फी घेणाऱ्या ठिकाणी चकचकीत लॅब दिसते, पण पहिली दोन वर्षं मुलाचं काम कागदावरच असतं. लॅपटॉपसुद्धा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी घेतला तरी चालतो. तेव्हा मात्र १६ जीबी रॅमच्या खाली घेऊ नका.

परीक्षेत ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएटची ए ग्रेड असलेली मुलंही इथे ठरलेल्या जागी मार खातात. तांब्या समोर ठेवला की तोंडाची लंबगोल कड नीट काढतात आणि तळ सरळ रेषेत चपटा करून टाकतात. वरून बघताना तळाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त गोलाकार दिसते, कारण तळ डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असतो. हे एकदा डोळ्यात बसलं की भांडं टेबलावर ‘बसतं’. मेमरी ड्रॉइंगमध्ये ‘भाजी मार्केट’ म्हटलं की पाच माणसं एका रांगेत, एकाच उंचीची उभी राहतात. एक पाठमोरा माणूस पुढे मोठा घ्यायचा, त्याच्या खांद्याआड दुसरा अर्धा लपवायचा, तिसरा लांब लहान. डिझाइनमध्ये वेळ जातो तो ओल्या पोस्टर कलरवर दुसरा हात मारल्याने. खालचा रंग वर येतो आणि सगळं मळकट होतं. आधी मोठे सपाट भाग रंगवून टाकायचे आणि ते सुकेपर्यंत दुसरीकडे हात चालवायचा.

आता तुमचा खरा प्रश्न. ‘कमर्शियल आर्टिस्ट’ हा एक शब्द असला तरी त्यात चार-पाच वेगवेगळी आयुष्यं आहेत. अंधेरी-लोअर परळच्या जाहिरात एजन्सीत व्हिज्युअलायझर, म्हणजे जाहिरातीचं चित्र आणि मांडणी आखणारा, म्हणून बसला तर रात्री उशीर होणारच. क्लायंट संध्याकाळी सहाला ‘छोटासा चेंज’ सांगतो आणि सकाळी दहाला प्रेझेंटेशन असतं. कंपनीच्या स्वतःच्या डिझाइन विभागात, प्रकाशनात, पॅकेजिंगमध्ये किंवा छपाईच्या फायनल आर्टवर्कवर वेळ बरीच ठरलेली असते. पगार सुरुवातीला कमी वाटेल, पण घरच्या जेवणाला माणूस हजर असतो. आमचं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं एजन्सीत काढावीत, कारण हात तिथे तयार होतो, आणि लग्नाचं बघायच्या सुमारास ठरल्या वेळेच्या कामाकडे कूस बदलावी.

दारू-तंबाखूची धास्ती वाटते तेवढी मोठी नाही. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३च्या कायद्याने बंदी आहे आणि टीव्हीवर दारूची थेट जाहिरात चालत नाही. तरी दारूच्याच नावाच्या सोड्याची जाहिरात येते, सिगारेटच्या पाकिटाचं डिझाइन येतं, मटणाचंही काम येऊ शकतं. म्हणून ‘ही कामं मी करणार नाही’ हे मुलाखतीत सांगायचं, एकदाच आणि शांतपणे. काम टेबलावर आल्यावर सांगितलं तर तो नेम न राहता अडवणूक होते. माळ काढायला कोणी सांगत नाही. क्लायंटसमोर मांडलेलं काम चांगलं असलं की गळ्याकडे कोणी बघत नाही.

वारीचं गणित मात्र कागदावर मांडा. आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी, मध्ये अधिक महिना नसेल तर, ५१-५२ दिवस असतात. म्हणजे पालखी वाटेवर असते तेव्हाच गणपती-दिवाळीच्या जाहिराती, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि पुढच्या सालची कॅलेंडरं कल्पनेच्या टप्प्यावर असतात. हा टप्पा आधी उरकता येतो, छपाईचा येत नाही. त्यामुळे वारी या धंद्यात बसते, पण ऑगस्टमध्ये आठवडाभर गावी जाणं बसत नाही. रजेचं पाहिलं तर राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, आणि साठवता येते ती ४५ पर्यंत. वर्षाला बारा-चौदा दिवस सुटतात. आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायला ते पुरत नाहीत. पहिल्या वर्षी पंढरपूरजवळच्या वाखरीला दिंडी गाठायची, दोन वर्षांची रजा साठली की पूर्ण वारी. अर्ज मार्चमध्येच द्यायचा. निघताना ओपन फाइल, फॉन्ट, लिंक केलेले फोटो आणि पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवून सहकाऱ्याच्या मशीनवर एकदा उघडून बघायचं. हे केलं नाही की फॉन्ट सापडत नाही आणि दिवेघाटात फोन वाजतो.

त्याचं घर माळकरी आहे याचा त्याला धंद्यात उपयोग आहे, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. बॅनरच्या मांडणीत बसत नाही म्हणून गणपतीचा फोटो आडवा फ्लिप करतात. एका क्लिकमध्ये डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो आणि जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातं. मंडळाच्या म्हाताऱ्यांच्या नजरेला ते पडतं तेव्हा पाचशे पत्रिका छापून झालेल्या असतात. संगणकाने बनवलेल्या चित्रात विठोबाच्या हातात बासरी येते, पायाखालची वीट गायब होते. कॅलेंडरच्या प्रुफात स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आल्या तर एक चूक समजून खोडणारेही असतात. तुमचा मुलगा तिथे थांबेल. रघुवीर मुळगावकरांची (१९१८–१९७६) देवादिकांची चित्रं कॅलेंडरांवरून घराघरांत लागली, तीही कमर्शियल आर्टच होती. पुडक्यावर देव छापला की पुडकं कचऱ्यात जातं, ही टोचणी त्याला लागेल. अशा वेळी क्लायंटला पर्याय द्यावा: देव बाहेरच्या मोठ्या खोक्यावर, आतल्या पाकिटावर टाळ, पताका, तुळस.

अक्षर चांगलं आहे म्हणता, तर त्याला देवनागरीतच पक्का करा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतल्या अक्षरांवर नाव कमावलं. आज संगणकावर इंग्रजी जुळवणारे ढिगाने मिळतात, मराठी जुळवणारे शोधावे लागतात. फोटोशॉपमध्ये ‘श्री विठ्ठल’ टाइप केलं आणि टाइपची सेटिंग वर्ल्ड-रेडी नसली, तर ‘वि’ची वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि ‘ठ्ठ’ फुटून पाय मोडलेला ‘ठ्’ दिसतो. सेटिंग बदलली की जागेवर येतं, पण आधी ते डोळ्याला खटकावं लागतं. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचे आकार करून टाकायचे, मग फॉन्ट लागत नाही. प्रेसवाल्याकडे कोरलड्रॉ हे सॉफ्टवेअर जुनं असतं, म्हणून फाइलही जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी जादा सोडलेला भाग, फोटो ३०० डीपीआय, रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे. स्क्रीनवरचा झळझळीत भगवा छपाईत विटकरी होतो. पिवळा १०० ठेवून मॅजेंटा ६०-६५च्या आसपास धरायचा, काळा शून्य, आणि आधी प्रूफ काढून बघायचं.

पैशाचं दुखणं पुढे सुरू होईल, आणि ते भक्तीतूनच येईल. ‘देवाचं काम आहे, पैसे कसले मागतोस?’ हे वाक्य लालबाग-परळमध्ये त्याला दर श्रावणात ऐकू येणार. सेवा आणि धंदा वेगळे ठेवायला आत्तापासून शिकवा. वर्षाला दोन कामं सेवेची, समजा दिंडीचा बॅनर आणि गावच्या देवळाची पत्रिका. त्यांचंही बिल करायचं, रक्कम लिहायची आणि खाली ‘सेवा, वजा’ म्हणून शून्य करायची, म्हणजे कामाची किंमत समोरच्याला दिसते. बाकी मंडळाचा अहवाल असो की पावती पुस्तक, निम्मे पैसे आधी, तीन बदल फुकट, छपाईची फाइल उरलेले पैसे आल्यावर. विसर्जनानंतर मंडळाचा खजिनदार सापडत नाही.

पुढे स्वतःचं काम सुरू केलं तर उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करावी, फुकट होते. नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. कॉपीराइटचं एवढं लक्षात ठेवा: नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. हक्क कोणाला द्यायचे असतील तर लेखीच द्यायचे. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

या महिन्यात सीईटी सेलचं संकेतस्थळ आठवड्यातून दोनदा उघडा. बारावीच्या अभ्यासातून मुलाला रोज पाऊण तास चित्रासाठी मोकळा सोडा. डोमिसाइल, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, हे आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर सगळी मुंबई एकदम येते, आणि कागद हातात नसला की प्रवेशफेरी हातची जाते.