संगणक सल्ला: नवा लॅपटॉप घरच्या सर्व्हरवरचं फोल्डर उघडत नाही

प्रश्न: ताई, मुलानं जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकून सांबाचा, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटून देणाऱ्या प्रोग्रामचा, सर्व्हर करून दिला आहे. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकला काढलेले माझे सगळे फोटो त्यावर आहेत. विंडोज १० च्या लॅपटॉपवरून ते पासवर्डशिवाय उघडतात. नव्या विंडोज ११ प्रोवर मात्र ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्टला प्रवेश नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. मी निवृत्त माणूस, घरात कुठली संस्था?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: काका, फोटो जागेवर आहेत. जुना लॅपटॉप आत जातोय, म्हणजे सर्व्हर चालू आहे. नव्याला हा संदेश दिसतोय, म्हणजे तोही सर्व्हरपर्यंत पोचतोय. केबल, राउटर यांना हात लावू नका. ‘संस्था’ म्हणाल तर ऑफिससाठी लिहिलेला मजकूर घरीही तसाच दिसतो, एवढंच.

मुलानं फोल्डर ‘गेस्ट’साठी खुलं ठेवलंय, नाव-पासवर्ड न विचारता. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो अशा बिननावाच्या जोडणीला नकार देतं. शिवाय प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागतं. ती सही पासवर्डाच्या आधारे तयार होते; गेस्टकडे पासवर्डच नसतो.

कुणीतरी सांगेल, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) एक आकडा बदला, गेस्ट पुन्हा चालू होईल. तेवढ्यानं भागणार नाही, सहीची अटही काढावी लागेल; पण कृपा करून यातलं काहीच करू नका. वायफायचा पासवर्ड आपण येणाऱ्या-जाणाऱ्याला देतो. त्यातल्या कुणाच्याही मोबाइलवरून ते फोटो पुसले जाऊ शकतात. एसएमबी १ (फोल्डर वाटण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करण्याचा सल्ला तर त्याहून वाईट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच जुन्या दारातून जगभर पसरला, आणि तुमच्या अडचणीशी त्याचा संबंधही नाही.

आधी फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग मुलाला फोनवर घेऊन सर्व्हरवर तुमच्या नावाचा युजर करा आणि ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेला ‘-ए’ जोडून त्याला सांबाचा पासवर्ड द्या. उबुंटूचा लॉगिन पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगवेगळे असतात, लोक इथेच अडकतात. सेटिंगच्या फाइलमध्ये त्या फोल्डरपुढे ‘गेस्ट ओके’ला ‘नो’ करा, ‘व्हॅलिड युजर्स’मध्ये तुमचं नाव लिहा आणि सांबा रीस्टार्ट करा.

लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) सर्व्हरची जुनी नोंद असेल तर काढा. नाव विचारल्यावर सांबाचं नाव आणि सांबाचाच पासवर्ड. लॅपटॉप उघडायचा पिन इथे चालत नाही. नावातलं एक अक्षर चुकलं तरी सांबा ‘नाव चुकलं’ म्हणत नाही. उबुंटूच्या मूळ सेटिंगनुसार अनोळखी नावाला तो गुपचूप गेस्ट समजतो आणि तोच संदेश परत येतो. म्हणून नाव दोनदा तपासा.

आत गेल्यावर फोटो दिसतील, पण नाव बदलता किंवा पुसता येणार नाही असं होऊ शकतं. गेस्ट म्हणून टाकलेल्या फाइलींची मालकी सर्व्हरवर बहुधा ‘नोबडी’ या युजरकडे असते. ‘चाऊन’ या आज्ञेनं ती तुमच्या नावावर करून घ्या, फक्त त्याच फोल्डरपुरती. जागा चुकली तर सर्व्हर बिघडेल, म्हणून हे काम मुलालाच करू द्या. मग विंडोज १० वरूनही एकदा नव्या नावानं आत शिरा.

प्रश्न: वीज जाऊन आली की सर्व्हर सापडत नाही. मी आयपी पत्ता टाकूनच जोडते.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: राउटर परत चालू झाला की सर्व्हरला वेगळा पत्ता देत असावा. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन शोधा आणि सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी कायमचा राखून ठेवा. तरीही सापडला नाही, तर लॅपटॉप चुकून पाहुण्यांच्या वायफायवर गेलाय का ते बघा; त्यावरून घरातली बाकीची यंत्रं सहसा दिसत नाहीत.