पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली का?

प्रश्न : बाबांच्या (वय ६१) गालातल्या कॅन्सरची शस्त्रक्रिया दीड महिन्यापूर्वी झाली. घरचं कुळागर (सुपारीची बाग), त्यामुळे सुपारी सदैव तोंडात. आता रेडिएशन आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हा केमो चालू आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिंफोसाइट १२. शेजारी म्हणतात, लढणाऱ्या पेशी वाढल्यात, चांगलंच झालं. गुळवेलीचा काढा सुरू करू का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : काढा नको. आणि हे आकडे आनंदाचेही नाहीत, घाबरण्याचेही नाहीत.

न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), एनके (नॅचरल किलर) पेशी ही शरीराची पहिली फळी. जंतू दिसला की कुणाची वाट न बघता तुटून पडणारी. पण तोंडातली गाठ या फळीला फितवते. गाठीत ऑक्सिजन कमी आणि लॅक्टिक अ‍ॅसिड जास्त असतं. तिथे पोचलेले मॅक्रोफेज मारायचं सोडून जखम भरायच्या कामाला लागतात, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि मारेकरी टी पेशींना (लिंफोसाइटचाच एक प्रकार) थोपवतात. न्यूट्रोफिलही असेच उलटू शकतात. म्हणून नुसती ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणण्यात अर्थ नाही. वाढलेली फौज कुणाच्या बाजूने उभी आहे, हे महत्त्वाचं.

तुमच्या रिपोर्टमधलं गुणोत्तर ७८ भागिले १२, म्हणजे साडेसहा. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असतं. पण केमोआधी उलटी थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोननेही न्यूट्रोफिल चढतात, दातांच्या किंवा जखमेच्या संसर्गानेही. रक्त केमोच्या आधी काढलं की नंतर, हे डॉक्टरांना जरूर सांगा. एका आकड्यावर उपचार बदलत नाहीत.

खरी काळजी उलट्या टोकाची. केमोनंतर पेशी घसरतात. हिशेब घरी करता येतो : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. एकूण १२०० आणि न्यूट्रोफिल ३५ टक्के असतील, तर ४२०. पाचशेच्या खाली असताना १००.४ फॅरेनहाइट ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्रीच बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. तोंड सोललेलं असेल तर थर्मामीटर काखेत लावा. काख तापमान कमी दाखवते, त्यामुळे तिथे ९९.५ दिसलं तरी फोन करा. सोललेल्या तोंडातूनच जंतू रक्तात शिरतात. म्हणून लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी गुळण्या करायला लावा.

गुळवेलीमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. यकृत बिघडलं की केमो थांबतो, आणि मध्येच थांबलेल्या उपचाराचा फायदा गाठीलाच होतो. सुपारी मात्र आजपासून बंद. तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सर करते.

प्रश्न : काकांचा तोंडाचा कॅन्सर उलटला आहे. इम्युनोथेरपी परवडत नाही. दुसरी वाट आहे का?
– वाचक, पेडणे

उत्तर : टाटा मेमोरियलच्या चाचणीत (२०२३) निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिलं, नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅमचा. जोडीला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६ टक्के होतं, निव्होलुमॅब जोडल्यावर ४३ टक्के झालं. डॉक्टरांना ‘लो-डोस निव्होलुमॅब’ असं नाव घेऊनच विचारा.